मोठा पडदा आणि मध्यम खिसा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्तारून)



ज्या लखनौत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, त्या नगरीतील मराठी मंडळात आजवर संगीत, संतवाङ्मय, नाटक आणि इतिहास या विषयांवर भाषणे होत आली. अशा व्यासपीठावरून ‘खेळासाठी मोठ्या पडद्याचा लॅपटॉप कसा निवडावा’ या विषयावर बोलणे काहींना उपरे वाटेल. परंतु अलीकडे मंडळाच्या सभासदांकडे ज्या ज्या वेळी चहाला जाण्याचा योग आला, त्या बहुतेक वेळी हाच प्रश्न माझ्यापुढे ठेवण्यात आला. मुलगा बारावी होऊन अभियांत्रिकीला निघालेला असतो, किंवा मुलीला वास्तुशास्त्राला प्रवेश मिळालेला असतो. आणि ‘गेमिंग लॅपटॉपच हवा, तोही मोठ्या पडद्याचा’ असा आग्रह घरात सुरू असतो. आई म्हणते, खेळासाठी लाख रुपये घालायचे का? वडील म्हणतात, मला यातले काही कळत नाही. आणि मूल म्हणते, तुम्हांला कळत नाही हेच तर मी सांगतो आहे! या संवादाचा शेवट पुष्कळदा दोन-चार दिवसांच्या अबोल्यात होतो.

मी तंत्रज्ञ नाही, बी. ए. झालेला एक सरकारी नोकर आहे. परंतु कार्यालयासाठी खरेदी करताना जी शिस्त आम्हांस पाळावी लागते, ती घरच्या खरेदीलाही लागू पडते असा माझा अनुभव आहे. त्या शिस्तीच्या आधाराने चार गोष्टी आपणापुढे ठेवतो.

प्रथम मुलांच्या बाजूने एक शब्द. आपल्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत भावंडे आजोळी जमत आणि ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगे. आज लखनौचा मुलगा, नागपूरची मामेबहीण आणि साताऱ्याचा चुलतभाऊ रात्री नऊ वाजता एकाच खेळात एकत्र येतात. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलणारे आपले चिरंजीव त्या वेळी कानाला हेडफोन लावून ‘अरे, डावीकडून ये, डावीकडून!’ असे अस्सल मराठीत ओरडत असतात. मंडळाच्या बालवर्गात जे मराठी आपण महत्प्रयासाने शिकवतो, ते तेथे आपोआप जिवंत राहते. शिवाय हे खेळ केवळ परदेशात तयार होतात असेही नाही. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केला आणि तो २०२० साली जगभर प्रसिद्ध झाला. पैसे लावून खेळण्याचे जे ऑनलाइन खेळ आहेत त्यांची गोष्ट निराळी. २०२५ साली संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेला मात्र मान्यता दिली. तेव्हा सर्वच खेळ एका तराजूत तोलू नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता दुसरा प्रश्न. लॅपटॉपच का? तेवढ्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक ताकदीचा मिळतो, हे खरे आहे. ज्यांचे घर कायमचे आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. परंतु आपणांपैकी बहुतेक बदलीच्या नोकरीतले. तीन-चार वर्षांनी सामान बांधायचे, त्यात तो संगणक, त्याचा पडदा आणि त्याच्या तारा मालमोटारीत घालायच्या, म्हणजे जिवाला घोर. मुले वसतिगृहात जाणार असतील तर तेथे जागाही नसते. वीज गेली तर टेबलावरचा संगणक तत्क्षणी बंद पडतो. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर काम सावरून घेतो. ही सोय आपल्याकडे कमी महत्त्वाची नाही.

सरकारी खरेदीत ‘दोन लिफाफ्यांची’ पद्धत असते. एका लिफाफ्यात तांत्रिक निविदा, दुसऱ्यात किमतीची. आधी पहिला लिफाफा उघडायचा. वस्तू गरजेला उतरते किंवा नाही ते पाहायचे. जी उतरते तिचाच दुसरा लिफाफा उघडायचा. घरोघर नेमके याच्या उलट घडते. ‘पन्नास टक्के सूट’ ही पाटी आधी वाचली जाते आणि वस्तूत काय आहे ते घरी आल्यावर कळते.

पहिल्या लिफाफ्याची तयारी घरीच करावी. मुलाला अथवा मुलीला सांगावे की, जे तीन खेळ तू खरोखर खेळणार आहेस त्यांची आणि अभ्यासात जी सॉफ्टवेअर लागणार त्यांची नावे कागदावर लिही, आणि प्रत्येकाच्या निर्मात्याने कोणते यंत्र सुचवले आहे तेही लिही. या एका कागदाने अर्धा वाद मिटतो. उदाहरणार्थ, ‘व्हॅलोरंट’ हा लोकप्रिय खेळ फार हलका आहे. त्याच्या निर्मात्याने वेगवान खेळासाठी सुचवलेले ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ साली निघालेले आहे. याउलट ‘सायबरपंक २०७७’ या खेळाला त्याहून कितीतरी समर्थ कार्ड, १६ जीबी स्मृती आणि ७० जीबी मोकळी जागा सुचवलेली आहे. पहिल्या खेळासाठी दुसऱ्याचे यंत्र घेणे म्हणजे दुधाची पिशवी आणायला मालमोटार घेणे होय.

यानंतर मी एकच सूत्र सांगतो आणि ते आपण लक्षात ठेवावे अशी विनंती करतो. जे पुढे बदलता येत नाही, त्यावर पैसा आधी खर्च करावा. जे पुढे जोडता येते, ते पुढे जोडावे. लॅपटॉपमध्ये न बदलता येणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन : ग्राफिक्स कार्ड, अंगचा पडदा आणि यंत्र थंड ठेवण्याची व्यवस्था. जोडता येण्याजोग्या गोष्टी म्हणजे साठवण, बऱ्याच यंत्रांत स्मृती, आणि बाहेरचा पडदा. विक्रेत्याची जाहिरात मात्र या दुसऱ्या यादीतील गोष्टीच मोठ्या अक्षरांत छापते, कारण त्या देणे त्याला सोपे असते.

प्रथम पडदा घेऊ. पडद्याचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, त्यामुळे केवळ इंचांवरून आकार नीट उमगत नाही. १५.६ इंचांचा रुंद पडदा सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर लांब आणि १९.४ सेंटिमीटर उंच असतो. १७.३ इंचांचा ३८.३ सेंटिमीटर लांब आणि साडेएकवीस उंच, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तेवीस टक्के मोठा. आता अलीकडे १६ इंचांचे जे पडदे निघतात, त्यांतील अनेक १६ : १० या प्रमाणाचे, म्हणजे किंचित उंच असतात. त्यांची लांबी १५.६ इंची पडद्याइतकीच, पण उंची १७.३ इंची पडद्याइतकी, साडेएकवीस सेंटिमीटर! म्हणजे पिशवी लहान यंत्राची आणि वाचताना-लिहिताना उंची मोठ्या यंत्राची. मध्यम खर्चात मोठा पडदा हवा असणाऱ्याने हे प्रमाण आवर्जून विचारावे. मात्र सर्वच सोळा इंची पडदे तसे नसतात. एचपीच्या व्हिक्टस १६ मालिकेत १६.१ इंचांचा १६ : ९ प्रमाणाचा पडदा आलेला आहे. असूसचा टफ ए१७ किंवा एमएसआयचा कटाना १७ ही १७.३ इंचांची उदाहरणे. ही नावे केवळ माप समजावे म्हणून सांगितली; शिफारस म्हणून नव्हेत.

आकाराइतकाच पडद्याचा दर्जाही महत्त्वाचा. मध्यम किमतीत मोठा पडदा देताना पुष्कळदा त्याच्या रंगांत आणि उजेडात काटकसर केलेली असते. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल तर रंग फिके समजावेत. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर रंग चांगले. पहिल्या प्रकारचा पडदा दुसऱ्याच्या जेमतेम तीन-पंचमांश रंग दाखवतो. उजेड ‘निट’ या एककात मोजतात. २५० निटचा पडदा खिडकीशेजारी मलूल दिसतो, ३०० किंवा अधिक असावा. ज्या मुलीला चित्र, आराखडे किंवा ॲनिमेशन करायचे आहे तिने फिक्या रंगांचा सतरा इंची पडदा घेण्यापेक्षा चांगल्या रंगांचा सोळा इंची घ्यावा. घरातील आजी-आजोबांनाही त्यावर नातवंडांचे चेहरे स्वच्छ दिसतील.

आणखी एक गोष्ट बिंदूंची. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार बिंदू असतात. २५६० गुणिले १६०० च्या पडद्यावर जवळजवळ एक्केचाळीस लाख. म्हणजे दुसरा पडदा पूर्ण बारकाव्याने वापरायचा तर ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्र रंगवताना दुप्पट बिंदू रंगवावे लागतात. बारीक पडदा अक्षरांना आणि आराखड्यांना उत्तम. पण त्यामागे कार्ड दुबळे असेल तर खेळात धाप लागते. अशा वेळी खेळाच्या मांडणीत बिंदूंची संख्या कमी करता येते, हे मुलांना ठाऊक असते. आपणही ते ठाऊक करून घ्यावे.

आता ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडिया कंपनीची लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ४०५० आणि ४०६० ही कार्डे २०२३ साली आली, आणि २०२५ साली ५०५० व ५०६० ही पुढची पिढी आली. मध्यम खर्चाच्या यंत्रात बहुधा यांपैकीच एखादे असते. ४०५० ला स्वतःची सहा जीबी स्मृती आहे, बाकी तिघांना आठ. नव्या खेळांना ही कार्डावरील स्मृती भरपूर लागते आणि ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून पाच-सात हजारांचाच फरक असेल तर आठ जीबीचे कार्ड घ्यावे. परंतु केवळ क्रमांकावर भुलू नये. एकच कार्ड वेगवेगळ्या यंत्रांत वेगवेगळ्या ताकदीने चालवलेले असते. आरटीएक्स ४०६० ला निर्माता ३५ पासून ११५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. इंजिन एकच, पण एका गाडीला इंधनाची नळी रुंद आणि दुसरीला अरुंद, असा हा प्रकार आहे. अरुंद नळीचे वरच्या क्रमांकाचे कार्ड रुंद नळीच्या खालच्या क्रमांकापुढे मागे पडू शकते. म्हणून दुकानात ‘कार्ड कोणते?’ एवढेच न विचारता ‘किती वॉटांचे?’ हेही विचारावे. माहितीपत्रकात हा आकडा ‘टीजीपी’ या नावाखाली सापडतो.

जितकी वीज तितकी उष्णता. आणि उष्णता म्हटली की लखनौचे मे-जून महिने आले. बाहेर पारा चव्वेचाळीस अंशांवर असताना खोलीतच पस्तीस अंश असतात. यंत्र तीच हवा आत घेऊन स्वतःला थंड करू पाहते. हवा गरम, त्यात धूळ. मग यंत्र आपला वेग आपणहून कमी करते आणि मुले म्हणतात, ‘लॅपटॉप बिघडला’. म्हणून दोन पंख्यांची, मागे आणि बाजूला मोकळ्या जाळ्या असलेली, अंगाने थोडी जाड रचना पत्करावी. या बाबतीत सडपातळपणा हा गुण नव्हे. पुष्कळदा सतरा इंची यंत्राला आत जागा अधिक मिळते. मोठ्या आकाराचा हा खरा, पण न सांगितला जाणारा फायदा आहे. आणि जानेवारीत? तेव्हा लॅपटॉप रजईवर ठेवून खेळणे चालते. रजईने खालच्या जाळ्या बंद होतात आणि ऐन थंडीत यंत्र तापते. पाठीमागून दोन बोटे उचललेला लाकडी पाट हा त्यावर साधा आणि घरचा उपाय आहे.

विजेचाही हिशेब करावा. अशा यंत्राचा ॲडॉप्टर दोनशे ते दोनशे चाळीस वॉटांचा असतो. म्हणजे भर खेळात ते यंत्र जुन्या पद्धतीच्या तीन छताच्या पंख्यांइतकी वीज घेते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आजोबांचा पंखा चालावा की नातवाचा खेळ, हा प्रश्न घरातील मोठ्यांनी आधीच सोडवून ठेवावा. केवळ बॅटरीवर खेळता येईल अशी आशा बाळगू नये. बॅटरीवर कार्डाची ताकद उतरते आणि बॅटरीही लवकर संपते. वजनाचेही तसेच. सतरा इंची यंत्र अडीच ते पावणेतीन किलो, वर ॲडॉप्टर अर्ध्या किलोहून अधिक. पुष्पक एक्सप्रेसने मुंबईला जाताना वरच्या बर्थवर ते उशाशी घेऊन झोपावे लागते, आणि डब्यातील सॉकेट मोबाइलसाठी असते, या यंत्रासाठी नव्हे. ज्या मुलाला वसतिगृहातून रोज वर्गात यंत्र न्यायचे आहे, त्याने ते दप्तरात घालून एकदा जिना चढून पाहावा.

जोडता येण्याजोग्या गोष्टींत स्मृतीपुरता एक इशारा देतो. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळे स्मृतीचे भाव जगभर चढले. तेव्हा ‘आज आठ जीबी घेऊ, पुढे स्वस्तात वाढवू’ हा जुना हिशेब आता चालणार नाही. सोळा जीबी सुरुवातीलाच असावी, आणि शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, कारण दोन पट्ट्यांनी वेग वाढतो. साठवण मात्र ५१२ जीबी घेऊन, दुसऱ्या पट्टीची जागा रिकामी आहे याची खात्री करून थांबता येते.

आणि आता ज्या पर्यायाकडे फारसे कोणी पाहत नाही तो सांगतो. ज्याला मोठा पडदा घरीच, टेबलापाशीच हवा आहे, त्याने १५.६ इंची चांगले यंत्र घ्यावे आणि पुढे सवडीने चोवीस इंची बाहेरचा मॉनिटर जोडावा. चोवीस इंची पडदा पंधरा इंचीच्या सव्वादोन पटींहून मोठा असतो. मान खाली घालावी लागत नाही. आणि लॅपटॉप जुना होऊन गेला तरी मॉनिटर घरात राहतो. सतरा इंची यंत्राचा खरा धनी तो, ज्याला मोठा पडदाही हवा आणि तो गावोगाव हलवायचाही आहे. बदलीच्या नोकरीत अशी घरे आहेत. परंतु आपले घर त्यांतले आहे का, हे आधी ठरवावे.

आता दुसरा लिफाफा. लखनौत संगणकाची बाजारपेठ म्हणजे हजरतगंजाला लागून असलेल्या लालबागेतील नाझा मार्केट. नबाब अमजद अली शाह यांच्या ‘हजरत’ या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या गंजात आपण संध्याकाळी फिरायला येतोच. एक संध्याकाळ केवळ पाहण्यासाठी काढावी, आणि त्या दिवशी घरून पैसे नेऊ नयेत. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘बजेट कितना है?’ येथे लखनौचा ‘पहले आप’ हा रिवाज कामी आणावा. आपला कागद पुढे करावा आणि किंमत सांगण्याचा मान दुकानदाराला द्यावा! एकाच नावाखाली दहा प्रकार असतात. म्हणून नावापुढील संपूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा आणि तीन ठिकाणच्या माहितीचा तुलनात्मक तक्ता घरी येऊन मांडावा. विंडोज प्रणाली किमतीत आहे का, हमी किती वर्षांची, दुरुस्तीचा माणूस घरी येईल की यंत्र त्यांच्याकडे न्यावे लागेल, आणि बदली झाली तर नव्या गावी ती हमी चालेल का, हे रकाने त्यात असावेत. आपल्यासाठी शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा.

बिलाशिवाय स्वस्त देण्याचा प्रस्ताव आला तर नम्रपणे नाकारावा. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी आहे. एक लाखाच्या बिलात सुमारे पंधरा हजार अडीचशे रुपये कराचे असतात, हे खरे. परंतु बिल नसेल तर हमीही डळमळते आणि ग्राहक म्हणून आपली बाजूही. खोक्यावरील, यंत्राखालील आणि बिलावरील अनुक्रमांक एकच आहे ना, ते तेथेच ताडून पाहावे. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे.

बंधुभगिनींनो, यंत्राविषयी जे सांगायचे ते सांगून झाले. शेवटचा मुद्दा यंत्राचा नाही. मध्यम मिळकतीच्या घरात लाख रुपये ही रक्कम कोणाच्या तरी इच्छेला मुरड घालून उभी राहते; आईचा दागिना पुढे ढकलला जातो, गावच्या घराचे छप्पर आणखी एक पावसाळा तसेच राहते. हे मुलांना समजले पाहिजे. पण ते ‘तुझ्यासाठी आम्ही एवढे करतो’ अशा शब्दांत ऐकवून समजत नाही. त्याच तक्त्यापाशी त्यांना शेजारी बसवावे, घरात किती रक्कम आहे ती मोकळेपणाने सांगावी, आणि त्या रकमेत निवड त्यांना करू द्यावी. ज्या मुलाने स्वतः आकडे मांडून सतरा इंचांचा हट्ट सोडला आणि सोळा इंचांवर समाधान मानले, त्याला बापाचे अंदाजपत्रक कळले. आणि ज्या बापाने वॉट आणि निट यांचा अर्थ मुलाकडून समजून घेतला, त्याला मुलाचे जग थोडेसे कळले. आपल्या माणसांपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांत, जेथे सल्ला द्यायला काका-मामा शेजारी नसतात, तेथे बाप आणि मूल यांनी एकाच कागदावर वाकून काढलेल्या त्या दोन संध्याकाळी मला यंत्राहून अधिक मोलाच्या वाटतात. त्यांवर जीएसटीही नाही.

मागच्या रांगेतील मित्रांनो, कागद आणि पेन तेवढे आज रात्री घेऊन बसा. तीन खेळांची नावे लिहा. उरलेले रकाने आईवडील भरतील.